आक्काच्या शेतात उतरलेले विमान

ज्यांनी अद्याप आकाशमार्गे प्रवास केलेला नाही, आणि निपाणी पेठेत असे गृहस्थ माझ्याखेरीज सर्वच आहेत, त्यांच्या माहितीकरिता प्रस्तुत वर्णन मी परत आल्यावर, चित्त स्थिर झाल्यानंतर लिहीत आहे. चित्त स्थिर होण्यास काही दिवस लागले हे मान्य केले पाहिजे. घरी आल्यानंतरही जेवावयास बसलो की पाट हळूहळू वर उचलला जात आहे असा भास होई, आणि ताटातील भाकरी फार खाली, दूरवर पसरलेल्या एखाद्या माळासारखी दिसे.

मी निपाणीस कचेरीपुढील निंबाच्या झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. इंग्रजी तीन बुके झाल्यावर माझी शाळा सुटली. परंतु सदरहू, उपरिनिर्दिष्ट व सबब हे तीन शब्द योग्य त्या ठिकाणी बसविणारा मजसारखा दुसरा मनुष्य चिकोडी तालुक्यात नाही, असे मी नव्हे, लोक म्हणतात. माझा एकही अर्ज दीड पानाखाली गेलेला नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून येथेच नमूद केली.

प्रवासाचे कारण

माझी थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणतो, बेळगावच्या पूर्वेस सांबऱ्यात दिलेली आहे. लढाईत सरकारने सांबऱ्याच्या माळावर विमानांचा तळ केला, तेव्हा आक्काचा जोंधळ्याचा तुकडा त्या तळात गेला. जमिनीच्या बदली जमीन मिळावी असा अर्ज मी स्वहस्ते लिहिला होता. तो सरकारने वाचला एवढेच सांगता येईल. जेथे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, कुळव मारीत, तेथे आता लांबच लांब काळी धावपट्टी झाली, आणि ती आक्काच्या घरामागील परड्यातून स्वच्छ दिसते.

त्याच सुमारास पेट्रोलचा तुटवडा पडून आमच्या रस्त्यावरील सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. मोटारीच्या पाठीमागे एक भट्टी बांधलेली असे. ती वाटेत विझे. विझली नाही तर तवंदीच्या घाटात गाडी दम टाकी, आणि भाडे देऊन बसलेल्या उतारूंनीच उतरून तिला ढकलावे लागे. पाडव्यास पेठेतील व्यापाऱ्यांची कामे मजवाचून अडतात, सबब आदल्या दिवशी निघणे अशक्य. आणि भाऊबीजेच्या पहाटे निघालेला मी सांबऱ्यास पोचे तो आकाशात चंद्र उरलेला नसे.

आपल्याकडील वहिवाट सर्वांस ठाऊक आहे. ज्या बहिणीचा भाऊ येत नाही, तिने बीजेच्या चंद्रास भाऊ मानून त्यास ओवाळावे. बीजेची कोर ती केवढी, दिवस मावळताच पश्चिमेस दिसते न दिसते तोच बुडते. तिला एकदा ओवाळले की त्या सालची ओवाळणी संपली. अशा रीतीने ओळीने चार दिवाळ्या माझा टिळा चंद्राने नेला, आणि मी फक्त जेवून परत आलो.

यंदा दसऱ्याच्या सुमारास दाजी बैल पाहण्यास निपाणीस आले असता झाडाखाली माझ्याजवळ बसले. पान खाऊन झाले तरी उठेनात. शेवटी म्हणाले,

"आक्कानं एक सांगावा धाडलाय. जसाच्या तसा सांगू, का जरा मऊ करून सांगू?"

"जसाच्या तसा सांगावा," मी म्हणालो. "साक्षीदाराने शब्द बदलू नये."

"मग ऐका. ती म्हटली, माझ्या शेतात कुठकुठली गोरी माणसं आभाळातनं उतरली, पर माझा भाऊ तेवढा कधी उतरला न्हाय. ह्या साली चंद्राच्या आधी आला तर तो माझा भाऊ. न्हायतर मग चंद्रच भाऊ, कायमचा. पुढच्या सालापासनं पाट मांडणार न्हाय."

"रागाच्या भरात बोलली असेल."

"राग असता तर मी आलो नसतो, अण्णा. रडत बोलली."

दाजी गेल्यावर त्या दिवशी माझ्या हातून एका इसमाच्या अर्जात सदरहू हा शब्द राहून गेला, यावरून वाचकांनी माझी अवस्था जाणावी.

अर्ज क्रमांक पहिला

ईश्वरी योजना अशी की, त्याच आठवड्यात कोल्हापुराहून मला बोलावणे आले. तेथे एका लहानशा जहागिरीच्या सरकारांनी स्वतःचे विमान बाळगले आहे. दोन माणसे एकामागे एक बसतील एवढे, उघडे, वर-खाली दुहेरी पंखांचे. त्याच्या यंत्राची तपासणी सांबऱ्याच्या तळावरील एका वाकबगार कारागिराकडून करून घ्यावी असे सरकारांच्या मनात होते. परंतु लष्करी तळावर खाजगी विमान उतरविण्यास परवानगी लागते, आणि परवानगीस अर्ज लागतो, आणि अर्जास मी लागतो.

मी तो अर्ज असा लिहिला की सरकारांनी स्वतः तो दोनदा वाचला. नुसते तपासणीसाठी असे लिहिल्यास साहेबलोक फाईल बाजूस ठेवतात, हा माझा अनुभव आहे. सबब मी लिहिले की, सदरहू विमानाचे यंत्र अत्यंत नादुरुस्त होऊन त्यात बसणाराच्या जीवितास प्रत्यही धोका उत्पन्न झाला असून, केवळ एकटा वैमानिक प्राणावर उदार होऊन ते कसेबसे सांबऱ्यापर्यंत आणण्यास सिद्ध आहे. परवानगी परतीच्या टपालाने आली.

सरकारांनी मेहनताना विचारला. मी म्हणालो, "मेहनताना नको. पुढील आसन रिकामे आहे. भाऊबीजेच्या दिवशी उड्डाण करावे, आणि मला बहिणीकडे पोचवावे."

सरकार हसले व म्हणाले, "बसा की! त्यात काय!"

घरी हे सांगताच आमचे कुटुंब हातातील लाटणे तसेच धरून उभे राहिले.

"निपाणीसनं बेळगावला जायला उलटं कोल्हापूरला जायचं?"

"तुम्हांस वेगाचे शास्त्र ठाऊक नाही," मी शांतपणे म्हणालो. "कोल्हापूर ते बेळगाव रस्त्याने सत्तर मैल. वळणे, घाट, नाके यांमुळे सबंध दिवस जातो. आकाशातून कोल्हापूरचा तळ ते सांबऱ्याचा तळ साठच मैल, कारण आकाशास वळण नाही. विमानाचा कप्तान म्हणतो, अर्धा तास आणि वर थोडी मिनिटे."

"आणि हितनं कोल्हापूरला जायला?"

"ते यात धरावयाचे नाही."

सांबऱ्यास मी कार्ड टाकले: बीजेस विमानाने तुझ्याच शेतात उतरत आहे, पाट मांडावा. पेठेतही दोनचार लोकांस सहज सांगितले. शिवाय कुटुंबास बजावून ठेवले की, वरून आपले घर ओळखता यावे म्हणून दुपारी माळवदावर तांबडे लुगडे पसरावे.

कोल्हापूर, भाऊबीजेची सकाळ

आदल्या दिवशी, यंदा प्रथमच व्यापाऱ्यांस वाऱ्यावर सोडून, मी कोल्हापुरास मुक्कामास गेलो. कोल्हापूरकरांचे आतिथ्य थोर आहे, परंतु त्यांचा चिवडा इतका तिखट असतो की आमच्याकडे त्यास भाजी म्हणून वाढता येईल. उलट त्यांच्या मते निपाणीची माणसे तंबाखूच्या वासानेच जेवतात. असो.

सकाळी स्नान करून, पटका बांधून, आक्कासाठी घेतलेले इरकली लुगडे व खण बगलेत आणि कुटुंबाने दिलेला करंज्यांचा डबा हातात घेऊन मी मैदानावर हजर झालो. विमान होते. कप्तान नव्हता.

कप्तान म्हणजे शंकरराव, लढाईतून परत आलेला कोल्हापूरचाच एक तरुण मराठा. त्यास तीन बहिणी, तिघी तीन पेठांत, आणि भाऊबीज त्यासही होतीच! मी मैदानाच्या कडेस बसून सूर्याकडे पाहू लागलो. सूर्य माथ्यावर येऊन पश्चिमेस कलला. अखेर शंकरराव सायकलवरून आला. कपाळावर एकावर एक तीन टिळे, कानात फुले, आणि चेहऱ्यावर तिहेरी जेवणाची सुस्ती.

"अण्णा, धाकटी सोडंना बघा. बासुंदी केलती."

"माझ्या बहिणीचा चंद्र बुडेल, कप्तान!"

"चंद्र पळतोय कुठं? आपण त्याच्याहून फास्ट हाय." मग त्याने मला आपादमस्तक न्याहाळले. "वजन किती तुमचं?"

मी म्हणालो की आमच्याकडे अर्ज लिहिणाराचे वजन शब्दांवरून ठरते. तो म्हणाला, विमानाला शब्द कळत न्हाईत. जवळच्या गुऱ्हाळातून गुळाचा काटा मागवून मला पारड्यात बसविण्यात आले, आणि समोर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, चढले. गुऱ्हाळातील मंडळी भोवती जमली. "निपाणीचा माल चांगला भरला," असे कोणी तरी म्हणाले. मग शंकररावाने स्वतःही बसून पाहिले, आणि बासुंदीमुळे हिशेब थोडा वर गेला.

"डबा तरी ठेवा, न्हायतर ती पेटी तरी," तो म्हणाला.

पेटी म्हणजे माझी दौत, टाक, टीपकागद व कोऱ्या कागदांची पेटी. ती सोडून मी आजवर लग्नासही गेलेलो नाही. मी डबा उघडला, करंज्या गुऱ्हाळातील मंडळींस वाटून टाकल्या, आणि पेटी मांडीवर घेतली. पुढे ज्या पेटीने मला बुडविले आणि तारिले, ती हीच.

आकाश

माझा पटका सोडून गळ्यात गुंडाळला, डोक्यावर कातड्याची टोपी चढविण्यात आली व डोळ्यांस मोठे काचेचे चष्मे बांधले. मी पुढे, कप्तान मागे. बोलण्याकरिता मधून एक रबरी नळी. यंत्र सुरू झाले तेव्हा माझे दात एकमेकांशी काही तरी वाद घालू लागले. विमान गवतातून धावू लागले. एक म्हैस डोके वर करून पाहते आहे असे मी पाहिले, आणि पुढच्या क्षणी तीच म्हैस खाली पाठीकडून दिसली.

वाचकहो, काय सांगावे! मी ओरडलो. भीतीने नव्हे. मी हसलो, गायलो, देवाचे नाव घेतले, आणि मग पुन्हा हसलो. नळीतून शंकररावाचा आवाज आला, "अण्णा, हालू नगा! इमान हसतंय तुमच्यासंगं!"

खाली ऊस म्हणजे हिरवी सतरंजी, आणि दूधगंगा म्हणजे कोणी धुऊन वाळत घातलेले धोतर. मी जन्मभर जमिनींच्या चतुःसीमा लिहिल्या आहेत. पूर्वेस अमक्याचा बांध, पश्चिमेस तमक्याचा ओढा, आणि त्या बांधाच्या वीतभर मातीसाठी दोन सख्खे भाऊ माझ्या झाडाखाली बसून एकमेकांचे तोंड न पाहता अर्ज सांगतात. वरून मी तो बांध शोधला, तर दिसेचना! संस्थानची हद्द कोठे संपते आणि इंग्रजी मुलूख कोठे लागतो, तेही दिसेना. कागलचा नाका, जेथे मोटार थांबते, गाठोडी सुटतात, डब्यांची झाकणे उघडतात, तो नाका मी पंखाखाली काडेपेटीएवढा पाहिला आणि त्यास उद्देशून टोपीवरून हात हलविला.

मग वेदगंगा आली, आणि मग निपाणी!

माझे गाव मी प्रथमच सबंध पाहिले. तंबाखूच्या वखारी, पेठ, कचेरी, आणि कचेरीपुढे हिरवा ठिपका, तेच माझे झाड. माझ्या घराचे तांबडे लुगडे शोधण्यास मी वाकलो, आणि थक्क झालो. सबंध निपाणी तांबडी होती! ज्या दोनचार लोकांस मी सहज सांगितले होते, त्यांनी आणखी दोनचारांस सांगितले असावे. आणि विमान आपल्यावरून जावे म्हणून प्रत्येक घराने माळवदावर तांबडे लुगडे पसरले होते. सोनारगल्ली तांबडी, बागवानगल्ली तांबडी. माळवदांवर माणसे उभी राहून हात हलवीत होती. माझे घर कोणते ते मला समजले नाही, म्हणून मी सर्वच लुगड्यांस नमस्कार केला. एवढ्या घरांचा धनी एकाच वेळी दुसरा कोणी झाला नसेल.

तवंदीचा घाट ज्या ठिकाणी मी चार वर्षे मोटार ढकलीत आलो, तो सतरंजीवरील सुरकुतीएवढा होता. मी नळीत ओरडलो, "यास घाट म्हणतात काय?"

इतक्यात यंत्राने एक खोकला काढला.

एकच. परंतु त्याबरोबर मला माझ्या अर्जातील एक एक शब्द आठवला. अत्यंत नादुरुस्त. प्रत्यही धोका. प्राणावर उदार. मी नळी तोंडाशी धरली.

"कप्तान, हे यंत्र खरोखर किती नादुरुस्त आहे?"

"मला काय ठाऊक? तुम्हीच लिवलंय न्हवं अर्जात?"

"ते अर्जाच्या भाषेत लिहिले होते!"

"मग खोकला बी अर्जाच्याच भाषेत असंल. धरून बसा."

पुढे संकेश्वराची हिरण्यकेशी, मग घटप्रभा, मग काळी जमीन आणि जोंधळा. यांचे वर्णन मी अधिक विस्ताराने केले असते, परंतु तेवढ्या वेळात मी यापुढे कोणत्याही अर्जात अतिशयोक्ती करणार नाही असा नवस बोलत होतो. नवस अर्धा झाला तोच शंकरराव म्हणाला, "ते बघा, सांबरं!"

कौलारू घरांचा पुंजका. त्याला लागून काळी पट्टी. एका परड्यात एक बाई उभी, इवलीशी, तोंड वर केलेली. आम्ही तिच्या कौलांवरून इतक्या खालून गेलो की कोंबड्या चारी दिशांस पांगल्या. "आक्का!" मी ओरडलो. यंत्रापुढे माझे मलाच ऐकू आले नाही. चाके टेकली, उसळली, पुन्हा टेकली. आणि मी माझ्या बहिणीच्या शेतात उतरलो. सूर्य अजून चांगला दोन कासरे वर होता. साठ मैल झाले होते. राहिले होते ते हाकेचे अंतर.

सांबऱ्याचा तळ

फाटकावर एक जमादार होता, जवळच्याच कडोली गावचा. त्याच्या हाती परवानगीचा हुकूम व त्यास जोडलेला माझा अर्ज. त्याने शंकररावास सलाम केला, आणि माझ्याकडे बोट केले.

"हे कोण?"

"उतारू," शंकरराव म्हणाला.

"उतारू कसा असंल? हितं लिवलंय, एकटा वैमानिक. आणि फुडं लिवलंय, बसणाराच्या जीवितास धोका." त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "धोका असताना तुम्ही बसलासा कसं?"

मी अभिमानाने म्हणालो, "तो अर्ज मीच लिहिला आहे."

"मग तर तुम्हाला ठाऊकच होतं की! हुकमात नसलेला माणूस मी फाटकातनं भाईर कसा सोडू? साहेबाला दोन ओळी लिवून द्या. कोण, कशाला आलासा. साहेब सही करतील, मग जावा. दोन ओळी फकस्त."

दोन ओळी! मजपुढे कागद, दौत, टाक सर्व होते. मी सावलीत पेटी उघडली व लिहू लागलो. महामहिम, परमप्रतापी, तळाधिपती साहेब बहादूर यांचे चरणी. अर्जदार निपाणी मुक्कामी राहणारा, वय सुमारे अठ्ठेचाळीस. मग भाऊबीज या सणाची उत्पत्ती, कारण साहेब परधर्मीय. मग उपरिनिर्दिष्ट बहिणीचे सासर, सदरहू सासरची पूर्वीची जमीन, तिच्या चतुःसीमा, जिच्यावर अर्जदार प्रत्यक्ष उभा असून. वाचकहो, मी मन लावून लिहीत होतो. याहून चांगला अर्ज माझ्या हातून कधी उतरला नाही. पान संपले. दुसरे घेतले.

तारेच्या कुंपणापलीकडून हाक आली. दाजी.

"अण्णा! काय करतासा तिथं?"

"अर्ज लिहितो आहे!"

"आक्का ताट घिऊन बसलीया! इमान येऊन किती वेळ झाला! ती म्हणतीया, इमान उतरलं, भाऊ कुठं उतरला?"

"फक्त प्रार्थनेचे कलम राहिले आहे, दाजी!"

"सोडा की तुमची कलमं! दीस बुडाला!"

मी मान वर केली. सूर्य खरोखरच नव्हता. बेळगावच्या बाजूस आभाळ केशरी झाले होते, आणि केशरी संपून निळे लागते त्या ठिकाणी, नखाच्या कडेएवढी, बीजेची कोर उभी होती. साठ मैल तिच्या पुढे धावलो, आणि हाकेच्या अंतरावर तिने मला गाठले.

जमादाराने माझे कागद उचलून पाहिले. "साहेब एवढं वाचूस्तवर पुढची दिवाळी यील."

तेव्हा मी जे केले ते माझ्या धंद्यात कोणी केले नसेल. ते दोन्ही कागद मी फाडले. नवा घेतला. लिहिले:

बहीण वाट पाहते. सोडावे.

खाली सही केली. सदरहू नाही, सबब नाही, वय नाही.

जमादाराने ते वाचले. पुन्हा वाचले. मग कागदाची घडी करून स्वतःच्याच खिशात घातली.

"साहेबाकडं न्यायचा न्हाय काय?" शंकररावाने विचारले.

"हे मला समजलं," जमादार म्हणाला. "माझी बी बसली असंल कडोलीला, चंद्राकडं तोंड करून. मला रजा न्हाय." त्याने फाटक ओढले. "पळा, अण्णा. पळा!"

आक्काचे अंगण

मी पळालो. गळ्यातील पटक्याचे टोक मागे, पेटी पुढे, लुगडे बगलेत, डोक्यावर अजून कातड्याची टोपी. माझ्या मागे दाजी, दाजींच्या मागे शंकरराव. दारोदार पाडव्यास पुजण्यासाठी शेणाचे केलेले पांडव डोक्यावर फुले खोवून बसलेले होते. त्यांतील एकास माझा पाय लागला असावा, पांडवांनी क्षमा करावी.

आक्का अंगणात पाटापुढे बसली होती. पाट रिकामा. ताटात निरांजन विझलेले, वात काळी पडलेली. मी पश्चिमेकडे पाहिले. कोर चिंचेच्या शेंड्याआड अर्धी बुडाली होती.

"आक्का," मला धाप लागली होती, "ओवाळलेस काय?"

"ओवाळलं," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

माझ्या हातातील पेटी खाली गेली. चार वर्षे आणि वर हे पाचवे. मी आकाशातून आलो, आणि तरीही चंद्रच पुढे गेला. मी टोपी काढली. दुसरे काय करावे ते सुचेना.

"बरे. चंद्रास ओवाळलेस. त्याचे पोट भरले असेल तर मला भाकरी दे."

"चंद्राला कोण ओवाळतंय? लई झाली त्याची मिजास." आता तिने मान वर केली. डोळे रडून लाल, पण ओठाच्या कोपऱ्यात काही तरी हलत होते. "तुझं इमान डोस्क्यावरनं गेलं तवा निरांजन लावूनच हुबी हुती मी परड्यात. म्हटलं, उतरंस्तवर कुणाला धीर हाय? वरच्या वरच ओवाळलं. इमानालाच."

त्या इवल्याशा बाईच्या हातात ताट होते, आणि ते मी वरून पाहिले नव्हते.

"आणि मग तू यीनास! दीस बुडाला तरी यीनास! मला वाटलं, ह्यानं कार्डात निस्ती थाप मारली आणि म्या कुणाच्या तरी रिकाम्या इमानाला ओवाळून बसले. शेजारीण हसत हुती, आक्कानं यंत्राला भाऊ केला म्हून. काय करत हुतास रं तिथं एवढा वेळ?"

"अर्ज लिहीत होतो."

"मेल्या!" ती म्हणाली, आणि हसू लागली. ती हसली तसे दाजी हसले, शंकरराव हसला, आणि मला पुन्हा तसेच झाले जसे ती म्हैस पाठीकडून दिसली तेव्हा झाले होते. पाय जमिनीवर होते की नव्हते, कोण जाणे.

"बस पाटावर," तिने नवी वात घातली. "वरनं ओवाळलं तर टिळा कपाळाला लागत न्हाय."

टिळा लागला. तेल लागले. अक्षता पडल्या. मग तिने शंकररावासही पाटावर बसविले, कारण ओवाळले तेव्हा तोही विमानात होता आणि अर्धी ओवाळणी त्याच्या वाट्यास गेलीच होती. त्याच्या कपाळावर चौथा टिळा बसण्यास जागा नव्हती. ती तिने नाकाच्या वर शोधून काढली. जेवणास सांज्याच्या पोळ्या आणि तूप; कोल्हापूरच्या बासुंदीच्या बढाया पहिल्या पोळीबरोबरच बंद झाल्या. एक ताट झाकून दाजी फाटकावर जमादारास देऊन आले.

हात धुताना आक्काने विचारले, "वरनं माझं शेत दिसलं?"

"दिसले."

"कसं दिसतंय?"

मला मोठे वाक्य सुचत होते. ते मी गिळले. "काळे. सरळ. आम्ही त्यावरच उतरलो."

ती परड्याकडे पाहत राहिली. तेथे अंधारात धावपट्टी होती, आणि तिच्यावर विमान, पंख पसरून बसलेल्या बगळ्यासारखे.

"किती सालं पडीक हुतं," आक्का म्हणाली. "आज पिकलं."

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हिस मोटारीने निपाणीस परतलो. यंत्राची तपासणी झाली होती व ते उत्तम निघाले. तरीही आक्काने मला त्यात बसू दिले नाही. घाटात मोटार ढकलावी लागली. मी ढकलली, आणि ढकलताना मधूनच वर पाहून हसलो, तेव्हा इतर उतारूंनी माझ्यापासून थोडे अंतर ठेवले.

आता झाडाखाली रोज कोणी ना कोणी विचारतो की, अण्णा, कोल्हापूर ते सांबरे विमानाने अंतर किती, वेळ किती. त्यांस मी तोंडी सांगत बसत नाही; पुढील मजकूर लिहून निंबाच्या बुंध्यास लावला आहे. तळापासून तळापर्यंत साठ मैल. अर्धा तास आणि वर थोडी मिनिटे. तळाच्या फाटकापासून बहिणीच्या उंबऱ्यापर्यंत हाकेचे अंतर. पोचण्यास पाचवी दिवाळी लागली.